कुकच्या नकाशाबाहेरची झुडपे

महाराष्ट्रात झुडपांची नवी जात कुठे सापडेल, असे विचारले की जाणकारांचे बोट सह्याद्रीच्या धारेकडे वळते. बीड जिल्ह्यातून आडव्या गेलेल्या बालाघाटाचे नाव कुणी घेत नाही. तिथे नवे काही उगवत नाही, ही समजूत आता सिद्धान्तासारखी वापरली जाते, आणि माझा आक्षेप नेमका तिच्यावर आहे. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात निघाली. तिच्यात नगर आहे, सोलापूर आहे, पार लांबचा सिंधही आहे. बीड नाही, कारण बीड निजामाच्या राज्यात होते. एकाच डोंगररांगेचे पश्चिमेकडचे टोक नकाशात आले आणि पूर्वेकडची पठारे बाहेर राहिली. नोंद नसणे आणि वनस्पती नसणे यांत आपण तेव्हापासून गल्लत करीत आलो आहोत. निजामाचा अंमल १९४८ साली संपला, पण व्ही. एन. नाईक यांची उस्मानाबादची सूची यायला १९७९ साल उजाडले आणि मराठवाड्याचे त्यांचे दोन खंड आले ते १९९८ मध्ये. या दोन ग्रंथांचे ऋण मराठवाड्याने अजून नीट मानलेले नाही. राज्याच्या शासकीय सूचीचे खंड १९९६ ते २००१ या वर्षांतले. ते सर्वांच्या हाताशी असल्याने त्यांवर थांबत नाही.

यावर हमखास उत्तर येते की बालाघाट म्हणजे दख्खनचाच काळा पाषाण, कोरडे गवत आणि विरळ झाडोरा. जे सगळीकडे तेच तिथे. या मुद्द्याचा कस तळेगाव दाभाड्याच्या टेकड्यांवर लागला. त्या पुण्याच्या उंबरठ्यावर आहेत. तरीही तिथल्या उघड्या गवताळ उतारांवरून अडुळशाच्या कुळातल्या डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा या जातीचे वर्णन २०२४ साली प्रसिद्ध झाले. आदित्य धारप यांच्या नजरेला ती पडली. भूषण शिगवण आणि आघारकर संशोधन संस्थेतले मंदार दातार यांच्यासह त्यांनी ती क्यूच्या वनस्पति-उद्यानाच्या नियतकालिकात मांडली. तिचा फुलोरा कणसासारखा आहे. भारतातल्या दुसऱ्या कोणत्याही डिक्लिप्टेरात तसा तो नाही. तिची सर्वांत जवळची आप्त जात आहे ती आफ्रिकेत. ती वर्षातून दोनदा फुलते. पहिला बहर पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपासून. दुसरा मे-जूनमध्ये, तोही गवताला वणवा लागून गेल्यावर: जमिनीतल्या लाकडी बुंध्यातून बुटके धुमारे वर येतात आणि थेट फुलावर जातात. आपल्या वनस्पतिशास्त्राच्या सहली मात्र श्रावण-भाद्रपदातल्या. तेव्हा उतार हिरवागार असतो आणि असली झुडपे नुसत्या पानांवर उभी असतात. केवळ पानांवरून कोण ओळखणार? वैशाखात काळ्या पडलेल्या उतारावर चढणारा वनस्पतिशास्त्रज्ञ विरळा, आणि म्हणून वैशाखातल्या बहराची नोंदही विरळ. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा आणि आष्टीच्या माळांवरही उन्हाळ्यात गवत जळते. तिथे हीच जात असेल असे मी म्हणत नाही. ज्या ऋतूत पाहिलेच नाही, त्या ऋतूबद्दल 'काही नाही' असा निवाडा देता येत नाही, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. दोन केस जास्त दिसले की नवी जात जाहीर करायची, हा नामकरणाचा हव्यास झाला, असे काही विद्वान लिहितात. तसे लेख निघतात, हे खरे. पण नियम ढिले नाहीत. मूळ नमुना हर्बेरियममध्ये ठेवावा लागतो, जवळच्या जातींहून असलेला फरक लिहून द्यावा लागतो, आणि कुणीही तो नमुना काढून लेखकाला खोटे पाडू शकतो. वुडरो आणि स्टाप्फ यांनी १८९४ साली रानड्यांच्या नावाने वर्णिलेली सोनघंटा, अब्यूटिलॉन रानडेई, आजही आपल्या नावावर टिकून आहे ती अशा तपासणीतूनच. आता सारे डीएनएवर ठरेल, असेही सांगितले जाते. ठरू द्या, पण प्रयोगशाळेत पान पोहोचायचे तर आधी कुणीतरी ते झुडूप वेगळे आहे हे उतारावर ओळखले पाहिजे. ही ओळख शिकवणारे शिक्षक निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, आणि पदवीचे विद्यार्थी वाळवलेला नमुना न हाताळता बाहेर पडतात. याचे मला फार वाईट वाटते. कारण नाव नसलेल्या झुडपाला कोणत्याही संकटग्रस्त यादीत जागा मिळत नाही. पठारावर पवनचक्कीसाठी रस्ता निघतो तेव्हा अहवालात त्याची गणना 'झुडपी वाढ' अशी होते.

म्हणून नायगावच्या मयूर अभयारण्यापासून सौताड्याच्या दरीपर्यंतचे उतार दिवाळीनंतर एकदा आणि वैशाखात एकदा, असे सलग काही वर्षे पाहिले जावेत. या फेऱ्यांना गावातली माहितगार माणसे सोबत हवीत. कोणते झुडूप शेळी खाते, कोणते जळूनही पुन्हा फुटते, हे त्यांना ठाऊक असते. पण दिवाळीनंतर त्यांतली पुष्कळशी ऊसतोडीला गेलेली असतात, वाड्या-वस्त्या रिकाम्या असतात. ती परततात उन्हाळ्यात, गवत जळून गेलेले असते तेव्हा.