टक्क्यांत मोजलेली चोरी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध विनियम केले, तेव्हापासून या चोरीचे मोजमाप टक्क्यांत होऊ लागले आहे. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही; ४० पर्यंत गेल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून सादर करावयाचा; ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य तर हिशेबातच धरावयाचे नाही.

नियम असावेत याविषयी आमचे दुमत नाही. परंतु यंत्रास शब्दांचे साम्य कळते, एवढेच. इंग्रजी ग्रंथातील अख्खे प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर खपविणारा पंडित या तपासणीतून बहुधा सहीसलामत सुटेल. शब्द फिरवून देणारी साधने तर आता घरोघरी पोचली आहेत!

मग हे ओळखावे कोणी? अर्थात मार्गदर्शकाने. विद्यार्थी टाचणे कशी काढतो, दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत ठेवतो की नाही, उसनी घेतलेली कल्पना कोणाची हे तळटीपेत नोंदवितो की नाही, हे पहिल्या प्रकरणापासूनच पाहावयास हवे. प्रबंध वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचे प्रमाणपत्र त्या विनियमांनी मार्गदर्शकाकडूनच मागितले आहे. त्यावर यंत्राचा आकडा पाहून सही करण्याची सवय पडू लागली असेल, तर तोंडी परीक्षेच्या वेळी परीक्षकांनी दोन प्रश्न मार्गदर्शक महाशयांनाही विचारावेत, अशी आमची सूचना आहे.