‘रेडिस’ डेटाबेस : बसवणे सोपे, बंदोबस्त आवश्यक

चेन्नईनजीकच्या श्रीपेरुंबुदूर येथील नोकिया कंपनीच्या कारखान्यात २००६ पासून १ नोव्हेंबर २०१४ पर्यंत मोबाइल फोन तयार होत असत. बटणांच्या अशा फोनवर बहुतेक अंकांखाली रोमन अक्षरे छापलेली असतात. ‘रेडिस’ या डेटाबेसचा पोर्ट क्रमांक ६३७९ हा याच मांडणीतून आला आहे. एम, ई, आर आणि झेड ही अक्षरे ज्या बटणांवर असतात, त्यांचे हे अंक. इटलीतील दूरचित्रवाणी कलाकार अलेसिया मर्झ यांच्या आडनावावरून, रेडिसचे जनक साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी तो गमतीने निवडला. आता तो घुसखोरांनाही तोंडपाठ झाला आहे.

२००९ मध्ये आलेला रेडिस माहिती डिस्कवरून न वाचता थेट रॅममधून पुरवतो. त्यामुळे उत्तर मिळण्यास सेकंदाचा अत्यल्प अंश पुरतो. मात्र त्याची रचना विश्वासातील यंत्रांपुरती होती. इंटरनेटवरून कोणी दार ठोठावेल, हे गृहीत धरलेले नव्हते. पासवर्ड नसलेल्या रेडिसमार्फत आपली एसएसएच किल्ली सर्व्हरवर लिहून संपूर्ण यंत्राचा ताबा घेता येतो, हे खुद्द सानफिलिप्पो यांनीच २०१५ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर २०१६ च्या ३.२ या आवृत्तीत ‘प्रोटेक्टेड मोड’ आला.

उबुंटू किंवा डेबियनवर रेडिस एका आज्ञेने बसतो आणि प्रारंभी केवळ त्याच यंत्रावरील जोडण्या स्वीकारतो. धोका निर्माण होतो तो पुढे. दुसऱ्या सर्व्हरवरून जोडणी होत नाही म्हणून घाईत ‘बाइंड’ची ओळ काढली जाते, संरक्षणही बंद केले जाते. त्याऐवजी ‘बाइंड’मध्ये अंतर्गत जाळ्याचा पत्ता द्यावा आणि फायरवॉलमध्ये आवश्यक यंत्रांनाच वाट द्यावी. पासवर्ड भरपूर लांब हवा, कारण रेडिसचा वेग पासवर्डचे अंदाज बांधणाऱ्यालाही तितकाच उपयोगी पडतो. २०२० च्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक वापरकर्त्याला वेगळे अधिकार देता येतात. ही सेवा रूट खात्याखाली चालवू नये.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘रेडिशेल’ ही सुमारे १३ वर्षे दडून राहिलेली गंभीर त्रुटी उघड झाली. तिचा वापर करण्यासाठी आधी रेडिसमध्ये प्रवेश मिळवावा लागतो. पासवर्ड नसेल तर तो अडथळाही उरत नाही. त्यामुळे सुधारित आवृत्ती घेणे अनिवार्य ठरते.

स्मृतीची कमाल मर्यादाही ठरवून द्यावी, अन्यथा रॅम संपल्यावर लिनक्स ही सेवा अचानक बंद पाडू शकते. शेवटी बाहेरच्या एखाद्या संगणकावरून ६३७९ वर जोडणी करून पाहावी. ती होता कामा नये.