डोळे मिटून शर्यत

मुलांनो, ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. तेथली मोटारसायकलींची शर्यत १९०७ साली सुरू झाली. शर्यतीचा रस्ता नेहमीच्या रहदारीचाच, गावांमधून जाणारा. एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची आणि वळणे दोनशेहून अधिक! कडेला घरे, दगडी भिंती. पुढचे वळण आठवत बसले, तर जिवावरच बेतायचे.

म्हणून अनेक स्वार आधी घरी बसून, डोळे मिटून मनातच फेरी मारतात. आता बलाफचा पूल, येथे गाडी उडी घेणार! आता उजवीकडे झुकायचे. अतिशय वेगवान स्वारालाही खरी फेरी पुरी करायला सुमारे १७ मिनिटे लागतात. मनातली फेरी दहाच मिनिटांत संपली, तर समजावे, काही वळणे गळाली!

तुम्हीही जागेवर बसून, मनातल्या मनात घरापासून शाळेपर्यंत या पाहू. किती वळणे लागली?