पुरात गेलेला स्नेही

नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यात वर्धा नदीच्या काठी मोवाड हे गाव आहे. दिनांक ३० जुलै १९९१ रोजी या नदीस जो महापूर आला, त्यात तेथील २०४ माणसे प्राणास मुकली. अशा प्रसंगी सरकारी दप्तरात मृताचे वारस लिहिले जातात. पत्नी, पुत्र, मातापिता यांची तेथे नोंद होते. परंतु ज्याची नोंद कोठेच होत नाही असाही एक माणूस मागे उरतो, आणि तो म्हणजे मृताचा स्नेही.

असा पूर येतो कसा, हे प्रथम पाहू. वर्धा नदी उगम पावते ती मध्य प्रदेशातील मुलताईच्या परिसरात, सातपुड्याच्या पठारावर. जुलै सरत येतो तेव्हा पुष्य नक्षत्राचा पाऊस चालू असतो आणि वऱ्हाड-नागपूरकडील काळी जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली असते. हीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पहिल्या सरी गिळून टाकते. पण एकदा भिजून फुगली, की भेगा मिटतात आणि नंतरचे पाणी पोटात न घेता ती सरळ नाल्यांकडे लोटून देते. पाऊस पडतो वर, डोंगराकडे. बुडते ते खालचे गाव, जेथे कदाचित आभाळ तितकेसे भरलेलेही नसते. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून सुमारे दीडशे माणसे गाडली गेली, तीही ३० जुलै याच तारखेस, २०१४ साली. यात ग्रहगतीचा काही संबंध नाही. त्या सुमारास भिजून जड झालेल्या मातीचा आहे. माळीण नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर नेली ती एस. टी. च्या एका चालकाने. रोजच्या वाटेवर गाडी घेऊन तो गेला, आणि गाव जागेवर दिसेना!

आता मित्राविषयी. आपल्याकडे दुःखास शास्त्राने मुदत घालून दिली आहे. भाऊबंदांस दहा दिवसांचे सुतक. त्या अवधीत त्यांस कोणी कामास लावीत नाही, शेजारपाजारचे लोक पिठलेभात आणून देतात. जिवलग मित्रास यातले काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत हजर व्हावे अशी अपेक्षा असते, आणि समाचारास येणारा मनुष्य त्याच्या दारावरून पुढे मृताच्या घरी जातो. हे रूढीचे कठोरपण म्हणावे, तर त्याच रूढीने पितृपक्षातील महालयात आप्तांच्या मागोमाग मित्राचेही नाव घेण्यास जागा ठेविली आहे. जुलैत गेलेल्या स्नेह्यासाठी ही जागा भाद्रपदात मिळते. मधले आठवडे मात्र मोकळेच राहतात.

या मोकळ्या आठवड्यांत मित्राच्या हातून जे कार्य होते, ते इतर कोणाकडून क्वचितच होते. पुरात वाहून गेलेल्यांपैकी काहींचा देह हाती लागतच नाही. सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा लागला नाही त्यास मृत मानावे, असा दंडक १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. केदारनाथच्या २०१३ च्या प्रलयानंतर बेपत्ता यात्रेकरूंच्या मृत्यूचे दाखले सरकारने याहून पुष्कळ लवकर दिले, ते चौकशी करून. अशा चौकशीत तो मनुष्य त्या रात्री कोठे उतरला होता, अंगावर काय होते, हे मित्र सांगू शकतो. विधवेस अर्ज लिहून देणे, बँकेत व तहसील कचेरीत तिच्यासोबत जाणे, हीही कामे त्याचीच.

साहाय्याचा ओघ पहिल्या पंधरवड्यात इतका असतो की त्याचीच अडचण व्हावी. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेस पडून राहिले. कोळ्यांच्या बायकांना ते नकोसे होते, आणि का नसावेत? फाटके पाठविणाराने ते स्वतः नेसून पाहावे. पहिल्या दिवसांत शुद्ध पाणी, औषध, शिधा व रोकड पैसा लागतो. पुढे शाळेची पुस्तके, भांडीकुंडी, धंद्याची हत्यारे लागतात, आणि तेव्हा वर्तमानपत्रांतून त्या गावाचे नाव गेलेले असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मदतीच्या मोटारी किती गेल्या याचा हिशेब आज कोणास आठवत नाही. पण भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे बाराशे मुले पुण्यास नेऊन वर्षानुवर्षे शिकविली, ते काम लोकांच्या ध्यानात राहिले.

नागपूरकरांस हा विषय परका नाही. आपत्तीत माणसे कशी वाचवावीत हे शिकविणारी केंद्र सरकारची संस्था १९५७ पासून याच शहरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही येथेच आहे. तरीही २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदीकाठच्या सुशिक्षित वस्त्यांत पाणी माणसांच्या उशापर्यंत आले. त्या पहाटे कित्येक वृद्धांस पहिली हाक आली ती शेजाऱ्यांची. मुले परदेशी, वा पुण्यामुंबईस. भिंतीपलीकडचा स्नेही तेवढा जवळ होता.