महानगरातील भाड्याचे घर : सोसायटी, कायदा आणि मुस्लिम उमेदवार

सुरंगी-सिल्वासा परिसरातील पदवीधर नोकरीसाठी वापीहून मुंबईची गाडी धरतो. कार्यालय वांद्रे किंवा अंधेरीत असल्यास जवळपास घर शोधणे ओघाने येते. मुस्लिम उमेदवाराच्या बाबतीत हा शोध अनेकदा भाड्याच्या रकमेवर नव्हे, तर नावावर अडतो. दलाल नाव विचारतो आणि ‘सोसायटीची परवानगी मिळणार नाही’ असे सांगतो. या नकाराचे कायदेशीर स्वरूप काय आणि अध्यापकांनी विद्यार्थ्यांना कोणती माहिती द्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

घर विकत किंवा भाड्याने घेताना मुस्लिमांना येणाऱ्या अडचणींची नोंद सच्चर समितीने २००६ च्या अहवालात घेतली आहे. हा प्रश्न केवळ गरिबांचा नाही. २००९ मध्ये चित्रपट अभिनेते इमरान हाश्मी यांनी पाली हिल येथील घराच्या संदर्भात राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे तक्रार केली होती. संबंधित सोसायटीने आरोप नाकारला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यासारख्या उपनगरात गेली. तेथून रोज लोकलने ये-जा करण्यात जाणारा वेळ व शक्ती ही नव्या नोकरदाराला पडणारी खरी किंमत होय.

कायद्यातील पोकळी

संविधानाच्या अनुच्छेद १५(१) नुसार धर्माच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई आहे; परंतु ती राज्यसंस्थेला आहे. अनुच्छेद १५(२) खाजगी व्यक्तींनाही लागू होतो, पण त्यात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी इत्यादींचा उल्लेख आहे, भाड्याच्या घराचा नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सदस्यत्व पारशी समाजापुरते ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. मात्र तो वाद सदस्यत्वाचा होता. भाडेकरू संस्थेचा पूर्ण सदस्य होत नाही. त्यामुळे हा निकाल त्याला जसाच्या तसा लागू होतो, असे म्हणता येत नाही.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने घर भाड्याने देतानाही धर्माधारित भेदभाव निषिद्ध ठरवला. आपल्याकडे सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली व २००८ मध्ये माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने त्याचा आराखडा दिला. पण तसा कायदा झाला नाही.

उमेदवाराने काय करावे?

१) सोसायटीचा नकार लेखी मागावा. तोंडी नकाराची दाद मागणे कठीण असते. धर्माचे कारण कागदावर सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून लेखी उत्तर मागितल्यास प्रसंगी नकारही मागे घेतला जातो. लेखी नकार हाती असल्यास घरमालकामार्फत सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे किंवा अल्पसंख्याक आयोगाकडे जाता येते.

२) महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. ही जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारालाही यातून सूट नाही. नोंदणी नसल्यास व वाद उद्भवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

३) अनामत रक्कम धनादेशाने द्यावी. ती परत करण्याची मुदत करारात नमूद करून घ्यावी.

४) भाड्याने दिलेल्या सदनिकेवरील बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. ते सदस्याने, म्हणजे घरमालकाने भरावयाचे असते. ते भाडेकरूवर टाकले जात आहे काय, हे सहीपूर्वी पाहावे.

महाराष्ट्राचा भाडे कायदा आपल्या संघराज्य क्षेत्राला लागू नाही. दादरा व नगर हवेली आणि दमण व दीवसाठीच्या स्वतंत्र भाडेकरार विनियमाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. विद्यार्थ्यांना हा फरक सांगणे आवश्यक आहे.

वरील उपायांनी पूर्वग्रह नाहीसा होणार नाही, हे उघड आहे. पण मुलाखतीची तयारी करून घेताना भाडेकराराचा एक नमुनाही वर्गात वाचून घेतला, तर पहिल्याच नकारानंतर हातची नोकरी सोडून परतणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला तेथे टिकून राहता येईल.