माडीवरचें बिनतारी इंटरनेट

कोथरूडच्या एका दुमजली घरांतील वृद्ध गृहस्थांची ही तक्रार आहे. त्यांची कन्या परदेशीं असते. रोज रात्रीं ते माडीवरच्या आपल्या खोलींत बसून तिच्याशीं बोलूं लागतात, आणि दोन वाक्यें होतात न होतात तोंच पडद्यावरचा चेहरा थिजतो. गुडघ्यांमुळें पुन्हां खालीं उतरणें त्यांना जमत नाहीं. चिरंजिवांनीं यावर उपाय केला तो असा, कीं शंभर मेगाबिटांची वर्गणी होती ती तीनशेंची केली. खर्च वाढला, चेहरा मात्र पूर्ववत् थिजतच राहिला.

असें पुष्कळ घरीं घडतें, आणि दोष बहुधा वर्गणीचा नसून दोन मजल्यांमधील स्लॅबचा असतो. वर्गणीचा आंकडा हा तारेनें आपल्या घरापर्यंत येणाऱ्या प्रवाहाचा होय. राउटरपासून माडीवरच्या फोनपर्यंतची मजल हवेंतून व्हावयाची असते, आणि तिचा हिशेब निराळा आहे. म्हणून पैसे वाढविण्यापूर्वीं गति मोजावी : एकदां राउटरशेजारीं उभे राहून, एकदां माडीवर. खालीं नव्वद व वर पांच असा आंकडा आला, तर कंपनीशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. खालींही पांचच आला, तर अवश्य भांडावें.

आतां स्लॅब काय करतो तें पाहूं. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारें सहा. दुसऱ्या प्रकारांत वेग अधिक मिळतो, परंतु काँक्रीटमध्यें ती लवकर क्षीण होते. त्यांतून स्लॅबांत लोखंडी सळयांची उभी-आडवी जाळी असते. जुन्या वाड्यांतील लांकडी तक्तपोशीनें या लहरींना एवढा अडथळा केला नसता. १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं याहूनही आंखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती, हें खरें. पण घंटेला एकदांच वाजावयाचें होतें. आपल्याला तर दर सेकंदास लक्षावधि खुणा अचूक पोंचवावयाच्या आहेत.

कोणी विचारील, नभोवाणीचा कार्यक्रम मग माडीवर सुखानें कसा ऐकूं येतो? एक तर नभोवाणीच्या प्रक्षेपकाची शक्ति किलोवॅटांत मोजतात, आणि घरगुती राउटरची वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास. दुसरें असें, कीं आपला संच नुसता ऐकतो. त्याला उलट बोलावें लागत नाहीं. फोनला मात्र प्रत्येक तुकडा पोंचल्याची पावती राउटरकडे धाडावी लागते, आणि त्याचा आवाज राउटरहूनही क्षीण. ऐकूं आलें नाहीं म्हणजे तोच तुकडा पुन्हां, अधिक सावकाश. जिन्याखालून माडीवरच्या माणसाला हांक मारतांना आपणही शब्द तोडून, संथ उच्चारतोंच. एकाचें हें संथ बोलणें चालूं असतां त्याच लहरीवरील इतरांस थांबावें लागतें. त्यामुळें माडीवरच्या एका फोनपायीं खालचेही मंदावतात.

पहिला उपाय फुकटाचा आहे. राउटर बहुतेक घरीं दूरदर्शन संचामागें, किंवा शोभा जाते म्हणून लोखंडी कपाटांत ठेवलेला असतो. धातूच्या पेटींत दिवा लावून उजेड मागावा तसाच हा प्रकार! त्यास बाहेर काढून जिन्याजवळ, शक्य तितका उंच ठेवावा. जिना ही स्लॅबमधील एकमेव मोठी फट आहे. राउटरला बाहेर अँटेना असल्यास त्या सर्व उभ्या ठेवूं नयेत. उभ्या दांडीपासून लहरी मेदुवड्याच्या आकारांत आडव्या पसरतात, आणि वड्याचें भोंक नेमकें वरच्या मजल्याकडे येतें. एखादी दांडी आडवी करून पाहावी.

माडीवर २.४ चा पट्टा बहुधा अधिक टिकाव धरतो. मात्र त्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे राउटर ज्या वाटेवर कमी असतील ती निवडावी. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यांत गोंगाट करते.

एवढ्यानें भागलें नाहीं तर लोक रिपीटर आणतात आणि जेथें लहर पोंचत नाहीं त्याच खोलींत लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकूं येत नाहीं तो पुढें काय सांगणार? त्याची जागा वाटेंत, जिन्याच्या वळणावर. शिवाय साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो व सांगतो, त्यामुळें गति निम्म्यावर येते.

खरा उपाय अगदीं जुन्या वळणाचा आहे : तार. कॅट-५ई जातीची तार शंभर मीटरपर्यंत दर सेकंदास हजार मेगाबिट नेते आणि स्लॅबची पर्वा करीत नाहीं. केबलच्या नळींतून ती वर घ्यावी. विजेच्या तारांच्या नळींतून मात्र नेऊं नये. वरच्या टोंकास लहानसें ॲक्सेस पॉइंट बसवावें. कोथरूडच्या त्या घरीं शेवटीं हेंच केलें. तार बाहेरच्या भिंतीनें, पावसाच्या पाइपालगत वर चढविली, वर्गणी पुन्हां शंभरावर आणली, आणि आतां रात्रींचें संभाषण अखंड चालतें. तार उघड्यावर असल्यानें ती बाहेरच्या वापराची, जाड काळ्या आवरणाची घेतली आहे. साधी घेतली असती तर दोन उन्हाळ्यांत तडकली असती.