पगारातून मोटार : आधी पगारपत्रक वाचा, मग गाडी पाहा

परिचारिका, डॉक्टर, संगणक अभियंते म्हणून आपली अनेक मुलेमुली आज इंग्लंडात नोकरी करीत आहेत. बिऱ्हाड बसले, मुले शाळेत जाऊ लागली, की प्रत्येक घरात एक प्रश्न हमखास निघतो. तो म्हणजे मोटारीचा. त्यातच नोकरीच्या ठिकाणी एक आकर्षक पत्रक हाती पडते : ‘पगारातून नवी विजेची गाडी घ्या. विमा, दुरुस्ती, टायर, रस्ताकर सगळे आमच्याकडे. पैसे पगारातून परस्पर कापू.’ पत्रकावर डोंगरातल्या रस्त्यावर उभी असलेली उंच, ऐसपैस एसयूव्ही असते आणि तिच्याखाली महिन्याचा एक छोटा आकडा असतो.

आम्ही उभयता बर्मिंगहॅमजवळच्या एका शहरात राहतो. एकाची नोकरी गोदामात, दुसरीची सरकारी रुग्णालयात परिचारिकेची. घरात दोन मुले, आणि वर्षातील काही महिने नागपूरहून येणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या आई. गाडी घ्यायचे ठरले तेव्हा आम्ही त्या छोट्या आकड्याची फोड करायला बसलो. तो हिशेब वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांची मुले इकडे आहेत त्यांनी तो मुलांना जरूर वाचून दाखवावा.

त्याग कशाचा?

या योजनेला इथे ‘सॅलरी सॅक्रिफाइस’ म्हणतात, म्हणजे शब्दशः पगाराचा त्याग. नाव अगदी नेमके आहे. कर कापण्यापूर्वीच्या पगाराचा एक भाग नोकरदार लेखी करार करून सोडून देतो आणि त्या बदल्यात मालक त्याला भाड्याची गाडी वापरायला देतो. सोडलेल्या रकमेवर प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी लागत नाही. बचत होते ती इथे. गाडी मात्र आपल्या मालकीची होत नाही. तीन-चार वर्षांनी ती परत करावी लागते.

अशा सोयींवरील करसवलत २०१७ साली बहुतेक बंद करण्यात आली. ज्या गाड्यांचा धूर अत्यंत कमी त्यांना तेवढी वगळण्यात आली, म्हणून आज ही योजना मुख्यतः विजेच्या गाड्यांवर चालते. गाडी मिळाली म्हणून थोडा कर भरावाच लागतो. तो गाडीच्या छापील किमतीच्या काही टक्के रकमेवर आकारतात. विजेच्या गाडीसाठी हे प्रमाण २०२०-२१ मध्ये शून्य होते. २०२५-२६ मध्ये ते ३ टक्के झाले. पुढचे दरही ठरलेले आहेत : २०२६-२७ ला ४ टक्के, २०२७-२८ ला ५, २०२८-२९ ला ७ आणि २०२९-३० ला ९ टक्के.

एक उदाहरण घेऊ. गाडीची छापील किंमत ४५,००० पौंड आणि महिन्याला सोडायचा पगार ५०० पौंड. परिचारिका २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के विमा-वर्गणी भरते. म्हणजे ५०० वर तिचे १४० पौंड वाचतात आणि खर्च ३६० राहतो. त्यात २०२६-२७ च्या दराने गाडीवरचा कर महिन्याला ३० पौंड. एकूण ३९० पौंड. हाच गाडीवरचा कर २०२९-३० मध्ये महिन्याला साडेसदुसष्ट पौंड होईल. म्हणून आम्ही करार चार वर्षांचा न करता तीनच वर्षांचा केला. चौथ्या वर्षी मासिक भाडे थोडे उतरते खरे, पण कर तेवढाच वर चढतो.

एकच गाडी, तीन भाव

आता हाच हिशेब त्याच रुग्णालयातील मोठ्या डॉक्टरांचा मांडून पाहा. त्यांचा वरचा पगार ४० टक्के कर आणि २ टक्के विम्याच्या पट्ट्यात येतो. ५०० वर त्यांचे २१० पौंड वाचतात. गाडीवरचा कर त्यांना दुप्पट, म्हणजे ६० पौंड बसतो. तरीही एकूण खर्च ३५० पौंड. तीच गाडी, तोच रंग, पण ज्याचा पगार मोठा त्याला ती महिन्याला ४० पौंडांनी स्वस्त.

आणि वॉर्डाची सफाई करणाऱ्या भगिनीचे काय? तिनेही आम्हाला विचारले होते, “मला अर्ज करता येईल का?” कायद्याने पगारत्यागानंतर उरलेला पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये. २१ वर्षांवरील कामगारांसाठी हे वेतन एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पौंड होते, एप्रिल २०२६ पासून ते १२.७१ पौंड झाले. नियम कामगाराच्या संरक्षणासाठीच आहे आणि तो हवाच. पण सर्वात खालच्या श्रेणीचा पगार या मर्यादेच्या जेमतेम वर असतो. त्यामुळे मोठ्या गाडीसाठी सोडायला तिच्यापाशी काही उरतच नाही. ज्याला सवलतीची गरज सर्वात अधिक त्याच्यासाठी दार बंद, आणि ज्याला गरज कमी त्याला सवलत मोठी, असा या योजनेचा घाट आहे. ज्यांना दार उघडे आहे त्यांनी आत जावे, त्यात काही वावगे नाही. मात्र शेजारच्या टेबलावरच्या माणसाने सांगितलेला आकडा आपला समजू नये. पगारपत्रक ज्याचे त्याचे असते.

न दिसणारी कपात

पत्रकात ठळक अक्षरांत न छापलेली गोष्ट म्हणजे निवृत्तिवेतन. एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत गाडीसाठी सोडलेला पगार निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरत नाहीत. वर्गणीही तेवढ्या कमी पगारावर कापली जाते, म्हणून हातात येणारी रक्कम फारशी घटल्यासारखी वाटत नाही आणि गाडी आणखी स्वस्त भासते. पण ती ‘बचत’ आपल्याच म्हातारपणातून काढलेली असते.

किती? २०१५ च्या योजनेत प्रत्येक वर्षाच्या पगाराचा ५४ वा भाग वार्षिक निवृत्तिवेतनात जमा होतो आणि महागाईप्रमाणे वाढत जातो. महिना ५०० म्हणजे वर्षाला ६,००० पौंड सोडले, तर त्याचा ५४ वा भाग १११ पौंड. तीन वर्षांच्या कराराचे झाले ३३३ पौंड. ही रक्कम निवृत्तीनंतर दर वर्षी, हयात असेपर्यंत कमी मिळणार. सात आसनांच्या मोठ्या गाडीसाठी महिना ७०० पौंड सोडावे लागत असतील, तर हाच आकडा तीन वर्षांत ४६७ वर जातो.

गाडी घेऊच नये असा याचा अर्थ नाही. बाजारातून भाड्याने किंवा कर्जाने घेतली तरी पैसे जातातच. पण ३९० या आकड्याशेजारी हा दुसरा आकडाही कागदावर लिहावा आणि मग दोन्ही आकडे पाहून मन बनवावे. आमच्या मागच्या पिढ्यांना म्हातारपणी निवृत्तिवेतन म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. मुलेच काय ती पुंजी. आता हक्काची पुंजी बांधली जात असताना ती कोठे किती झिजते, एवढे तरी माहीत असावे.

बाळंतपणाची रजा घ्यायचा विचार असलेल्या भगिनींनी आणखी सावध राहावे. इथे कायद्याने मिळणाऱ्या प्रसूतिवेतनात पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. ही सरासरी रजेच्या काही महिने आधीच्या सुमारे आठ आठवड्यांच्या पगारावरून काढतात, आणि तो पगार त्यागानंतरचा धरतात. घरकर्जाच्या वेळीही बँक पगारपत्रकावरचा घटलेला आकडा पाहू शकते. घर घ्यायचे असेल तर आधी घर, मग गाडी, हा क्रम आम्हाला शहाणपणाचा वाटतो.

कुटुंबाची गाडी म्हणजे किती मोठी?

पगाराचा हिशेब झाल्यावरच आम्ही गाड्या पाहायला बाहेर पडलो. मोजपट्टी, मुलांच्या खुर्च्या आणि आईंना सोबत नेले.

इथे मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, त्याला गाडीत वेगळी खुर्ची लागते. या खुर्च्या अडकवण्याच्या कड्या मागच्या बाकावर बहुधा दोन्ही कडेलाच असतात. दोन खुर्च्या बसल्यावर मधल्या जागेत मोठा माणूस मावतो का, हे दुकानात बसूनच कळते. आमच्या आई तीन गाड्यांत मध्ये बसल्या आणि दोन गाड्यांतून हसत बाहेर आल्या. त्यांची जागा पुढे, आणि मुलांच्या मध्ये आमच्यापैकी एकाने बसायचे, असे ठरले.

उंच गाडीचा खरा फायदा गुडघ्यांना होतो. आसन कमरेच्या पातळीवर असले की खाली वाकावे लागत नाही, फक्त वळून बसायचे. मात्र विजेच्या गाडीत बॅटरी तळाशी असते, त्यामुळे पायाखालची जमीन थोडी उंच येते आणि काही गाड्यांत मागच्या बाकावर गुडघे वर राहतात. लांबच्या प्रवासात हे जाणवते. म्हणून दहा मिनिटे तरी बसून पाहावे.

सात आसनांचा मोह सर्वांनाच होतो. किया ईव्ही९ किंवा प्यूजो ई-५००८ यांसारख्या गाड्यांत तिसरी रांग आहे. ती उघडली की डिकी लहान होते. मग माणसे मावतात, पण त्यांच्या बॅगा मावत नाहीत. पाच आसनांच्या स्कोडा एन्याकची डिकी ५८५ लिटरची आहे, तिच्या धाकट्या भावाची, एलरॉकची, ४७० लिटरची. विमानतळावरून आईंना आणताना दोन मोठ्या बॅगा आणि मुलांची छोटी गाडी मावली पाहिजे, ही आमची कसोटी होती. सातवे आसन वर्षातून किती वेळा लागेल ते आम्ही बोटांवर मोजले. एका हाताची बोटे पुरली. त्या चार-पाच दिवसांसाठी टॅक्सी परवडते. पाच आसनांची मध्यम गाडी ठरली.

वीज कोठून घेणार?

विजेची गाडी स्वस्त चालते, हे अर्धे सत्य आहे. अशी गाडी शंभर मैलांना सुमारे ३० युनिट वीज घेते. घरी रात्रीच्या खास दराने युनिट ८ पेन्सला पडले, तर खर्च अडीच पौंडांच्या आत. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर युनिट ७५ पेन्सला पडले, तर तोच खर्च साडेबावीस पौंड. शिवाय घरच्या विजेवर मूल्यवर्धित कर ५ टक्के, तर बाहेरच्या चार्जरवर २० टक्के. ज्याच्या दारात स्वतःची जागा आहे त्याला वीज स्वस्त, आणि जो चाळवजा घरात किंवा फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो त्याला महाग. घरमालकाची परवानगी आणि चार्जरची जागा यांची खात्री होईपर्यंत सही करू नये. हिवाळ्यात एका भरणीत कापले जाणारे अंतर चांगलेच घटते, हेही धरून चालावे.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने जाहीर केले की एप्रिल २०२८ पासून विजेच्या गाड्यांना मैलामागे ३ पेन्स कर लागेल. वर्षाला १०,००० मैल फिरणाऱ्याला तो ३०० पौंड पडेल. आज केलेला करार त्या तारखेच्या पुढे जात असेल, तर हा कर कोण भरणार ते आधीच ठरवून घ्यावे.

सहीपूर्वी लेखी विचारावे

तोंडी आश्वासनाला किंमत नसते. पुढील प्रश्नांची उत्तरे मालकाकडून आणि गाडीच्या कंपनीकडून कागदावर घ्यावीत.

१) नोकरी सोडली, गेली किंवा दीर्घ आजारपण आले, तर गाडी परत करताना किती दंड?
२) बाळंतपणाच्या रजेत गाडीचे पैसे कोण आणि कसे भरणार?
३) ठरलेल्या मैलांपेक्षा जास्त फिरल्यास मैलामागे किती आकार? ओरखडे, डाग यांचा हिशेब कसा?
४) आपण पगार सोडल्यामुळे मालकाचीही १५ टक्के विमा-वर्गणी वाचते. तिचा काही भाग आपल्याला मिळतो का?
५) व्हिसाला किमान पगाराची अट असेल, तर घटलेल्या पगाराने तिला बाधा येते का?
६) भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून फक्त १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर इथली परीक्षा द्यावी लागते. योजनेचा विमा कोणता परवाना मागतो?

उत्तर द्यायला जो टाळाटाळ करील त्याच्या कागदावर सही करू नये. युनियनचा प्रतिनिधी असेल तर त्याला कागद दाखवावा. ज्यांना योजना परवडत नाही किंवा मिळत नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. विजेच्या गाडीची किंमत पहिल्या तीन वर्षांत बरीच उतरते. तीन वर्षे वापरलेली, बॅटरीची हमी शिल्लक असलेली गाडी स्वतःच्या नावावर घेता येते, आणि निवृत्तिवेतनाला धक्काही लागत नाही. सफाई करणाऱ्या त्या भगिनीला आम्ही हेच सांगितले, आणि तिच्यासोबत बसून तिचाही हिशेब मांडून दिला.

गाडी ही सोय आहे. ती दारात उभी राहिली की शेजारपाजारी आपली पत वाढते असे अनेकांना वाटते. पण तीन वर्षांनी गाडी जाते आणि पगारपत्रकावरच्या नोंदी मागे राहतात. कागद-पेन्सिल घ्यावी, एका बाजूला आजचा खर्च, दुसऱ्या बाजूला उद्याची पुंजी लिहावी, घरातील सर्वांना समोर बसवावे आणि मगच सही करावी.